‘न झालेल्यांनाही दुखतं’ म्हणे! मग?

परवा आत्याकडे गेलो होतो. तासगाव तालुक्यातलं द्राक्षपट्ट्यातलं गाव. गेल्या पावसाळ्यात तिला चिकनगुनिया झाला. अंदाजपंचे नाही, रक्त तपासून कळलेला. ताप आठवड्यात गेला. बोटं आणि मनगटं मात्र आठ महिने झाले तरी सकाळी तासभर आखडलेलीच. म्हशीची धार काढायचं काम सुनेकडे गेलं, यंदा घडांच्या विरळणीला कात्री हातात धरता आली नाही. “हात कसा हाय?” म्हणून विचारलं तर म्हणाली, “दुखतंय म्हणू का नको, तेच कळंना बघ,” आणि मोबाईल माझ्यापुढं केला.

मेसेज तिच्या जावेनं पाठवलेला. दुसऱ्या दिवशी तोच मला बागायतदारांच्या ग्रुपवर आला, संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि खाली हात जोडलेली चित्रं. मजकूर थोडक्यात असा: चिकनगुनिया सात दिवसांचा. हा रोग औषध कंपन्यांनी २००६ साली आणला. तो कोंबडी खाल्ल्यानं होतो. सात दिवसांनंतर जे दुखतं ते मनाचं, नाहीतर वयाचं. पुरावा काय, तर परदेशी शास्त्रज्ञांच्या अभ्यासात रोग न झालेल्यांचेही सांधे दुखत होते. आणि एवढं करून कुणाला दुखतच असेल तर आमची पुडी घ्या, २१ दिवसांत सगळ्यांना गुण.

मनाचं आहे म्हणायचं आणि त्याच्यावर पुडीही विकायची! एवढं वाचून मी मोबाईल परत दिला असता. पण आत्यानं पुडी सुरू केली होती.

कोंबडीचं आधी उरकतो. नावात ‘चिकन’ ऐकू येतं एवढाच कोंबडीचा गुन्हा. शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे लोकांच्या बोलीतला, अर्थ ‘वाकून जाणं’. रोग पसरवतो एडिस डास, तोच डेंग्यूवाला, दिवसा चावणारा. २००६ चंही तसंच. १९५२ साली टांझानियात साथ आली, तिथं हा रोग ओळखला गेला. १९६३ साली तो कोलकात्यात होता. आणि १९७३ साली कुठं? सोलापूर जिल्ह्यात, आपल्या शेजारी बार्शीला. पुण्याच्या विषाणू संस्थेनं तेव्हा तिथं जाऊन पाहणी केली होती. नंतर बरीच वर्षं तो दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये परत आला. बार्शीच्या कुणा म्हाताऱ्याला विचारलं असतं तरी मेसेज लिहिणाऱ्यावर ही ओळ लिहायची वेळ आली नसती.

आता तो ‘पुरावा’. माझा खरा राग याच्यावर आहे, कारण अभ्यास खरा आहे आणि आकडाही खरा आहे. फक्त अर्धा आकडा सांगितलाय.

हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन नावाचं फ्रान्सचं बेट आहे. २००५-०६ च्या साथीनं ते झोडपून काढलं. साथ ओसरल्यावर तिथल्या संशोधकांनी दवाखान्यात आलेल्यांची यादी घेतली नाही. बेटावरच्या लोकांतून चिठ्ठी टाकल्यासारखी माणसं निवडली, त्यांचं रक्त तपासलं. सुमारे ३८ टक्क्यांच्या रक्तात चिकनगुनिया होऊन गेल्याची खूण सापडली. पुढं त्यांच्यातल्याच १,०९४ जणांना, रोग झालेल्या आणि न झालेल्या अशा दोघांनाही, फोन करून तब्येतीचे तेच प्रश्न विचारले. रोगाला तेव्हा सरासरी दोन वर्षं झाली होती. रोग होऊन गेलेल्यांपैकी ४३ टक्के लोक सांधे-स्नायू दुखतात म्हणाले. न झालेल्यांपैकी १७ टक्के.

मेसेजवाल्यानं १७ उचलले आणि ४३ गिळले.

आमच्या भागात हे समजायला कॉलेजात जावं लागत नाही. भुरी या द्राक्षावरच्या रोगावर नवीन औषध आलं की शहाणा बागायतदार सगळी बाग फवारत नाही, दोन ओळी तशाच सोडतो. सोडलेल्या ओळींतही काही घड स्वच्छ निघतात. म्हणून औषध फुकट गेलं असं कुणी म्हणतं का? इकडं किती आणि तिकडं किती, ते मोजतो. त्या १७ टक्क्यांचं काम सोडलेल्या ओळींचं आहे. चाळिशी ओलांडली की गुडघा बोलतोच, ओझी उचलून कंबर जातेच, डास चावो न चावो. हे आधीचं दुखणं किती, ते कळल्याशिवाय रोगाच्या नावावर किती मांडायचं ते ठरत नाही. ४३ मधून १७ गेले, उरले २६. शंभरातली ही २६ माणसं वयावर ढकलता येत नाहीत, कारण वयाचा आणि वजनाचा हिशेब संशोधकांनी वेगळा लावून पाहिला, तरी फरक राहिलाच. न झालेल्यांना विचारलंच नसतं तर ४३ च्या ४३ चिकनगुनियाच्या खात्यावर पडले असते आणि मग हाच मेसेजवाला ‘शास्त्रज्ञ फुगवून सांगतात’ म्हणाला असता. म्हणजे अभ्यासातली जी सगळ्यांत प्रामाणिक गोष्ट, तीच चोरी म्हणून दाखवली.

त्याचं एक म्हणणं मात्र मला, जिवावर येतंय तरी, मान्य करावं लागतं. पावसाळ्यात ताप आला आणि पुढं काहीही दुखलं की आपण ‘चिकनगुनियानं धरलं’ म्हणतो, त्यातलं पुष्कळ चिकनगुनियाचं नसतं. रक्त न तपासता तर बोलूच नये, डेंग्यूही त्याच दिवसांत असतो. आणि बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत कमी होतं हेही खरं. रियुनियनच्या अभ्यासालाही खोट आहे: माणूस फोनवर सांगेल ते लिहून घेतलं, आणि साथीच्या आधी त्याचं काय दुखत होतं याची नोंद हाताशी नव्हती. ती सोय पुढं कोविडच्या वेळी नेदरलँड्समध्ये झाली. उत्तर भागातल्या ७६,४२२ लोकांकडून २४ वेळा तेच प्रश्न भरून घेतले, त्यामुळं कोविड व्हायच्या आधीचं त्यांचं दुखणंही कागदावर होतं. तीन ते पाच महिन्यांनी कोविड झालेल्यांत २१.४ टक्के लोकांची लक्षणं वाढलेली निघाली, त्याच काळात न झालेल्यांत ८.७ टक्के. विषाणू वेगळा, हिशेबाची रीत तीच. तिथंही कुणी ८.७ दाखवून ‘बघा, थोतांड’ म्हणू शकतो. म्हणतातही.

कुणी म्हणेल, ‘दोन वर्षांनी कशाला विचारायचं, सात दिवसांत कळतं की.’ हा म्हणजे छाटणीनंतर आठव्या दिवशी बागेत जाऊन द्राक्षं कुठं आहेत म्हणण्यातला प्रकार.

राहिली पुडी. ‘सगळ्यांना गुण’ यातले सगळे म्हणजे कोण? मी त्या नंबरवर फोन लावला. पुडी घेऊन परत न आलेल्यांचं काय झालं, त्यांची यादी आहे का, असं विचारलं. “बरे झाले म्हणूनच आले नाहीत,” असं उत्तर मिळालं. म्हणजे आलेले बरे, न आलेलेही बरे! ज्याला गुण आला नाही तो दुसऱ्यांदा पैसे घालायला कशाला येईल? खरा अभ्यास करणाऱ्याचा निम्मा जीव या गळालेल्या माणसांना शोधण्यात जातो, फोन कर, घरी जा, गाव सोडलं असेल तर नवा पत्ता काढ. शिवाय सांध्यांचं दुखणं चढतं-उतरतं असतं. माणूस पुडी घ्यायला जातो तेव्हा दुखणं टोकाला असतं, त्यानंतर ते थोडं तरी उतरतंच. त्याचं श्रेय राखेलाही मिळेल.

आणि पुडीत नुसती राख असती तर मी एवढं लिहिलं नसतं. आत्याला चौथ्या दिवशी खरंच बरं वाटलं, भूक वाढली, तोंड सुजल्यासारखं दिसायला लागलं. तिला साखर आहे. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडणं नवीन नाही. असलं तर दुखणं झटकन दबतं, साखर चढते, आणि बरेच दिवस घेऊन एकदम थांबवलं तर अंगाला ते झेपत नाही. म्हणून ‘फेकून दे’ असं मी तिला म्हणालो नाही. घरच्या मशीनवर साखर बघितली, आकडा नेहमीपेक्षा बराच वर होता. उद्या सकाळच्या एसटीनं तिला सांगलीला डॉक्टरांकडे नेतोय. उरलेल्या पुड्या आणि रक्ताचा जुना रिपोर्ट एका पिशवीत घालून ठेवलाय. हात दुखतोय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. जावेला मी फोन करणार होतो, आत्या नको म्हणाली.