नाकापेक्षा मोती

ट्रॅकवर पळवायच्या गाडीला पुढे स्प्लिटर आणि चारी चाकांवर फ्लेअर बसवायचे, तेही घरच्या घरी, तेही दोन रविवारांत, असं जो छातीठोकपणे सांगतो त्याच्याबद्दल मला नितांत आदर आहे. हापूसची पेटी फोडून ‘एकच खातो’ म्हणणाऱ्यांतला तो. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, या यादीत स्प्लिटर आला नाही, कारण ती म्हण झाली तेव्हा बैलगाडीला बंपर नव्हता.

दोन्ही तसे दागिनेच. स्प्लिटर म्हणजे बंपरखालून पुढे काढलेली सपाट जीभ, आणि फ्लेअर म्हणजे चाकावरच्या पत्र्याला चिकटवलेली जाड भुवई. फरक एवढाच की हे दागिने काम करतात. समोरची हवा बंपरवर आपटून तुंबते, तिचा दाब वाढतो. जिभेखालून हवा जोरात पळते, तिथे दाब उतरतो. वरून दाबणं आणि खालून ओढणं, दोन्ही मिळून पुढची चाकं रस्त्याला चिकटतात.

किती चिकटतात, हा प्रश्न चारचौघांत विचारू नये. ताशी १२० किलोमीटर वेगाला तुंबलेल्या हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण ६८ किलो भरतो. ऐकायला झकास. पण जीभ केवढी? दीड मीटर रुंद आणि ७५ मिलिमीटर पुढे. गुणाकार केला की हातात साडेसात किलो येतात, म्हणजे दळणाचा डबा. वेग दुप्पट तर जोर चौपट, या हिशेबाने ताशी १८० ला सतरा किलो, आणि ताशी ६० ला दोनसुद्धा नाही. म्हणजे सोसायटीच्या गेटपासून मेडिकलच्या दुकानापर्यंत स्प्लिटरचा उपयोग शून्य. खरी कमाई खालच्या ओढीची, कारण तिथे जीभच नव्हे तर मागे सबफ्रेमपर्यंत, म्हणजे इंजिनखालच्या लोखंडी चौकटीपर्यंत गेलेली अख्खी फळी राबते. मात्र त्यासाठी फळी जमिनीपासून ७५ ते १०० मिलिमीटरवर हवी आणि नाक किंचित खाली झुकलेलं हवं. पुढची कड मागच्या कडेपेक्षा वर राहिली, की तीच फळी गाडी दाबायचं सोडून उचलायला लागते.

फळी कसली घ्यावी? लोक कार्बन फायबरची स्वप्नं पाहतात. मी सांगेन, लाकडाच्या वखारीत जा आणि १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० चा शिक्का बघून. आयएस ३०३ स्वस्त पडतो, पण कड ओली राहिली की थर सुटून त्याची खारी बिस्किटं होतात. दुकानांच्या पाट्यांना वापरतात ती ४ मिलिमीटरची एसीपी शीटही चालते, वजनाला हलकी, फक्त ती लवते आणि तिला टेकू जास्त लागतात. १,६०० बाय ५०० मिलिमीटरचा प्लायचा तुकडा सहा-सात किलोंच्या आसपास भरतो. वरून मिळणारा दळणाचा डबा आणि फळीचं वजन जवळजवळ सारखंच आहे, हे ज्याच्या लक्षात आलंय त्याने गप्प बसावं.

माप घ्यायला लेझर नको, ओळंबा पुरे. गाडी सपाट फरशीवर, टायरमध्ये ट्रॅकवरची हवा, सीटवर चालवणाऱ्याच्या वजनाचा माणूस. त्याला मोबाईल द्या, नाहीतर तो दर दोन मिनिटांनी उतरून ‘झालं का?’ विचारतो आणि गाडी वर येते. बंपरखाली पुठ्ठा सरकवायचा, दर १० सेंटिमीटरवर बंपरच्या कडेवरून ओळंबा सोडायचा, खाली ठिपका. ठिपके लवचिक पट्टीने जोडले की बंपरची रेषा मिळाली, तिच्यापुढे ७५ मिलिमीटर म्हणजे जिभेची कड. अर्धाच पुठ्ठा कापून मध्यरेषेवर उलटवला की दोन्ही बाजू सारख्या. इथे एक गंमत होते: फळी सारखी निघते, बंपर निघत नाही. जुनी एस्टीम असो की स्विफ्ट, तिचं नाक कधी ना कधी कुठल्यातरी रिक्षाने सरळ केलेलं असतं. अशा वेळी फळी बंपरला नव्हे, पुढच्या दोन चाकांना समांतर ठेवायची. बंपर तिरका दिसेल. तो तिरकाच होता, आता पुरावा मिळाला.

स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर फळीला लागत नाही हे पाहायचं, किमान २५ मिलिमीटर मोकळे. मग जिग सॉने कापणी. पुढच्या कडेला खालच्या अंगाने गोलाई द्यायची, कारण धारदार कडेवर हवा फाटते आणि पोटरीही. कापलेल्या कडांना एपॉक्सीचे दोन हात. खालच्या बाजूला रंग कुठलाही लावा, तो पाहणारा एकटा डांबराचा रस्ता.

एक दुपार संपली, फळी तयार, फोटो काढून झाले. पुढचे तीन रविवार ती टांगण्यात जाणार असतात, हे त्या संध्याकाळी कोणी सांगत नाही.

नवशिका नेमकं उलटं करतो. कडेची गोलाई महिनाभर घोटतो आणि शेवटी बंपरला सहा स्क्रू पिळून मोकळा होतो. आता बंपर म्हणून आपल्याला जे दिसतं ते प्लॅस्टिकचं कव्हर, क्लिपांवर तोललेलं. पहिल्या लांब सरळ पट्ट्यावर फळी खाली ओढली जाते, कव्हर तिच्यामागून निघतं आणि दोघं मिळून पुढच्या चाकाखाली जातात. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच, आणि इथे नाक प्लॅस्टिकचं.

तेव्हा कव्हर उतरवायचं आणि आतला लोखंडी बंपर बीम शोधायचा. फळीची मागची कड सबफ्रेमला किंवा रेडिएटरखालच्या आडव्या पट्टीला, ३ मिलिमीटर जाडीच्या अँगलचे ब्रॅकेट करून, ८ मिलिमीटरच्या बोल्टने. प्लायच्या वर आणि खाली ३० मिलिमीटरचा रुंद वॉशर हवाच, नाहीतर बोल्टचं डोकं लाकडात घुसून दुसऱ्या अंगाने डोकावतं. नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला; साधा नट ट्रॅकवरच्या थरथरीत स्वतःहून घरी जातो. पुढच्या कडेला बीमपासून दोन टर्नबकल सळ्या, टोकांना रोज जॉइंट, म्हणजे गोळीवर फिरणारे सांधे. सळईच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे, म्हणजे सळई फिरवली की लांबी कमीजास्त होते. दोन्हीकडे एकच आटे असले तर अर्धा तास फिरवूनही फळी तसूभर हलत नाही आणि दोष पान्याला दिला जातो.

या सळ्या ओढ सोसायला आहेत, धक्का सोसायला नव्हेत. खालून कर्बचा, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्याचा फटका बसला की त्या वाकतात, आणि वाकूच द्याव्यात. जाड सळी घालून ‘आता वाकून दाखव’ म्हणणाऱ्याचा बीम वाकतो.

परीक्षा सोपी. बांधून झालं की पुढच्या कडेवर दोन्ही पाय ठेवून हळूच उभं राहायचं. हवा एवढा भार एका जागी कधी टाकणार नाही, पण कर्ब टाकतो. कुरकुर ऐकू आली तर उतरा आणि ब्रॅकेट वाढवा. उडी मारून पाहू नये. उडी मारून पाहणारे बरेच असतात, बहुधा दुसऱ्याच्या गाडीवर.

बंपर आणि फळी यांच्यातली फट रबराने बंद केली नाही तर तुंबलेली हवा त्यातूनच खाली गळते आणि सगळा खटाटोप गाळणीत दूध ओतल्यासारखा होतो. रेडिएटरचं तोंड मात्र बुजवू नये. आणि टो हुक, गाडी ओढायचा आकडा! स्प्लिटरच्या नादात तो हमखास फळीआड जातो. मग गाडी रेतीत रुतली की ओढायला आलेला माणूस जे हाताला लागेल त्याला पट्टा अडकवतो, आणि हाताला लागतो तो स्प्लिटर. मागे विंग, म्हणजे मागची चाकं दाबणारा पंख नसेल तर आणखी एक मजा: पुढची चाकं चिकटतात, मागची तेवढी नाही. कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर हळू वळणांत हे कदाचित जाणवणारही नाही. बुद्ध सर्किटचा किलोमीटरभर लांब सरळ पट्टा संपवून वेगात वळताना मात्र शेपूट पुढे यायला बघते.

आता फ्लेअर. टायर रुंद घेतला की तो पत्र्याला घासतो, म्हणून आधी पत्रा कापायचा आणि मग भुवई लावायची. हे वाक्य घरी मोठ्याने म्हणू नये.

किती कापायचं हे डोळ्यांनी ठरत नाही. स्प्रिंग काढून, गाडी घोडीवर ठेवून, चाक जॅकने थेट वरपर्यंत ढकलायचं आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. लागेल तिथे खूण, खुणेपलीकडे १०-१५ मिलिमीटर. टायर आणि रिम आधी विकत घ्यायचे, खुणा नंतर करायच्या. उलट्या क्रमाने करणारे दोनदा कापतात. पुढचा फेंडर बोल्टवर असतो, चुकला तर दुसरा आणता येतो. मागचा पत्रा बॉडीचाच भाग, आणि तो एक नसून दोन आहेत: बाहेरचा आणि आतला, कमानीच्या कडेला एकमेकांना डकवलेले. कड कापली की पुरणपोळी उघडते. आतल्या पत्र्याला दर २५ मिलिमीटरवर चिरा देऊन, पाकळ्या बाहेर वाकवून, बाहेरच्या पत्र्याला टाके मारत वेल्डिंग करायचं. एका ओळीत सलग नाही, इकडे एक टाका, तिकडे एक, नाहीतर उष्णतेने पत्रा पापडासारखा वळतो. वर झिंक प्रायमर, वर सीलंट. डेंटर म्हणेल, ‘सीलंट कशाला साहेब, आत कोण बघतंय?’ पाऊस बघतो. कोकणाकडचा असेल तर एकाच मोसमात.

भुवई फायबरची, तिचा साचा करायला पीयू फोम. घरी गणपतीच्या मखरातला थर्माकोल उरलाय, तो वापरू, हा विचार २०१८ च्या थर्माकोलबंदीनंतरही माळ्यावर जिवंत आहे. पॉलिएस्टर रेझिन थर्माकोलवर ओतलं की थर्माकोल विरघळतो, डोळ्यांदेखत, कापूर उडावा तसा. फोम मात्र टिकतो. तो गाडीवर टेप लावून त्यावर चढवायचा, करवतीच्या पात्याने तासायचा, पुट्टी, पॉलिश पेपर ८०, १२०, २२०, ४००. डाव्याचा पुठ्ठा उलटवून उजव्याला लावून बघत राहायचं, हात कधी कुठे वळेल सांगता येत नाही. मग मोल्ड वॅक्सचे पाच-सहा हात. चौथ्या हाताला कंटाळून थांबलेल्यांचे साचे आणि फ्लेअर आजही एकमेकांना धरून आहेत.

रेझिनचा स्वभाव तापट. कोबाल्ट, म्हणजे रेझिनला घाई करायला लावणारा द्राव, आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर, वजनाच्या एक ते दोन टक्के. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीच नाही, ते पेट घेतात, आणि ही अतिशयोक्ती नव्हे. मे महिन्यात दोन टक्के घातले तर ब्रश डब्यातच कायमचा उभा राहतो. एकदम बादलीभर कालवलं तर बादलीच धूर सोडते. थोडं थोडं कालवा. पहिला थर काचतंतूंची ३०० ग्रॅमची मॅट, मग ४५० ग्रॅमचे दोन, मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन, रोलरने बुडबुडे बाहेर. चोवीस तास हात लावायचा नाही, जे सगळ्यात अवघड.

नंतर घासकाम आणि खाज. अंगात खाज असल्याशिवाय या कामाला कोणी हात घालत नाही, आणि काम झालं की तीच अंगभर दिसते. काचतंतूंची धूळ कॉलरमधून, मोज्यांतून, कुठूनही शिरते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाकावर कार्ट्रिजचा मास्क (रुमाल नव्हे), आणि अंघोळ गार पाण्याने.  ते कपडे घरच्यांच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकले तर खाज सामुदायिक होते.

फ्लेअर पत्र्याला लावायला आतून २० मिलिमीटरची पट्टी सोडलेली असते, तिच्यावर दर ७५ ते १०० मिलिमीटरला एक रिव्हनट (पत्र्याच्या भोकात घट्ट बसणारा नट) आणि स्टीलचा स्क्रू. भोक कडेपासून १२ मिलिमीटर आत, नाहीतर फायबर तडकतं. मध्ये यू आकाराची रबरी बीडिंग. ती रंगाला वाचवते आणि आपल्या हातून राहिलेली फटही झाकते. बीडिंगचा शोध दुसऱ्याच कारणासाठी लागला असेल असं मला वाटत नाही.

हे सगळं लेवून गाडी रस्त्यावर काढू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतला तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असे बदल मालकाला करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. स्प्लिटर एक, फ्लेअर चार. आरसीतल्या शब्दांचा अर्थ नाक्यावर उभं राहून लावत बसण्यापेक्षा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टै ट्रॅकपर्यंत ट्रेलर परवडतो.

पण ट्रेलर सोसायटीच्या गेटबाहेर उभा राहतो, आणि गेटात गतिरोधक असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या कागदावर तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, अंगाने निवांत. सोसायटीचा गतिरोधक सेक्रेटरींनी उरलेल्या सिमेंटमधून घडवलेला, उशीसारखा. आपली फळी साडेसात सेंटिमीटरवर.

म्हणून प्लायची ८ बाय ४ ची शीट कापतानाच हिशेब करावा. १,६०० बाय ५०० चे दोन स्प्लिटर एकाखाली एक निघतात. दुसरा लागणार आहे, तो त्याच दिवशी कापून ठेवा. बाजूला ८४० बाय १,२२० चा तुकडा उरतो, त्याच्या जवळजवळ २८० बाय ६१० च्या सहा फळ्या होतात. डाव्या चाकाखाली तीन, उजव्या चाकाखाली तीन, पायरी-पायरीने रचल्या की नाक ३६ मिलिमीटर वर येतं. एकाने पुढे वाकून बघायचं, एकाने हळू क्लच सोडायचा, वॉचमनने शिट्टी वाजवायची. या फळ्यांवर नाव टाकून ठेवा. स्प्लिटर कोणी मागायला येत नाही, पण फळ्या पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी फ्रिजखाली जातात.