आधी घोडी, मग स्टॅलियन : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इव्हेंटिंगसाठी (ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि शो जंपिंग अशी घोडेस्वारीची तिहेरी स्पर्धा) स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा नर घोडा, निवडताना मी थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या रक्तावर दिलेला भर तुम्हाला जुनाट वाटला. तुमचं म्हणणं असं की लांब पल्ल्याची जुनी पद्धत २००४च्या सुमारास मोडीत निघाली, आता निकाल ड्रेसाज (ठरलेल्या चालींची परीक्षा) आणि शो जंपिंगवरच (रिंगणात दांड्यांवरून उड्या) लागतो, तेव्हा स्टॅलियनच्या क्रमवारीत वर असलेला, जंपिंगच्या घराण्यातला वॉर्मब्लड (खेळासाठी पैदास केलेल्या युरोपीय जातींचा घोडा) निवडावा आणि मोकळं व्हावं.

एक चूक आधी कबूल करतो. ‘निम्मं तरी थरोब्रेड रक्त हवंच’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. वंशावळीतली टक्केवारी बघून घोडा पळेल की नाही ते कळत नाही. ते वाक्य काढून टाकतो.

बाकीचं मात्र मागे घेणार नाही. जुन्या पद्धतीतला स्टीपलचेसचा (भरधाव पळत अडथळे ओलांडण्याचा) टप्पा गेला, पण क्रॉस-कंट्री, म्हणजे मोकळ्या रानातली अडथळ्यांची दौड, आहेच. पंचतारांकित, म्हणजे सर्वात वरच्या पातळीवर मिनिटाला ५७० मीटर वेगाने सहा किलोमीटरहून जास्त पळायचं आणि वाटेत ४०-४५ उड्या घ्यायच्या. उशिराच्या प्रत्येक सेकंदाला ०.४ दंडगुण. म्हणजे दहा सेकंद उशीर झाला की चार गुण गेले, शो जंपिंगमध्ये एक दांडी पाडल्याइतके. शिवाय ड्रेसाजचे दंडगुण पूर्वी दीडपट धरायचे, ते २०१८पासून बंद झालं. ड्रेसाजचं वजन वाढलेलं नाही, कमीच झालंय.

आता तुमच्याच बाजूचं उदाहरण घेऊ. पॅरिस २०२४ ऑलिंपिकचं वैयक्तिक सुवर्ण जर्मन स्वार मिखाएल युंगने ज्या चिपमंक या घोड्यावर जिंकलं, त्याचा बाप कॉन्टेन्ड्रो पहिला, जंपिंगच्या रक्ताचा होल्स्टाइनर (एक जर्मन वॉर्मब्लड जात). पण आईचा बाप बघा : हेराल्डिक, थरोब्रेड. युंगच्याच सॅम या घोड्याने २०१२ आणि २०१६चं सुवर्ण मिळवलं. त्याचा बाप स्टॅन द मॅन थरोब्रेड, आणि आईचा बाप पुन्हा हेराल्डिकच. तुम्ही म्हणता तसा स्टॅलियन चालतो, आईकडून पळ येणार असेल तर.

हे मी स्वतः भोगलंय. माझी पहिली घोडी दणकट, पुढच्या अंगाला जड, दुडकी मात्र देखणी. मी व्हिडिओत दुडकी बघून तसाच स्टॅलियन निवडला आणि घोडी फळवली. शिंगरू झालं ते सगळ्यांनी थांबून बघावं असं. सहाव्या वर्षी या तरुण घोडीला भरधाव सोडली, तेव्हा चौथ्या मिनिटाला लगामावर तिचं सगळं वजन माझ्या हातात आलं. कान मागे गेले, टापांचा आवाज जड झाला, आणि उडीसाठी ती दर खेपेला अडथळ्याच्या जास्तच जवळ जाऊ लागली. उडीची ताकद तिच्यात भरपूर होती, पण दमलेल्या घोडीला ती वापरता येईना. दोष तिचा नव्हता. जे आईत नव्हतं तेच मी बापातही शोधलं नव्हतं.

क्रमवारीचं म्हणाल, तर ती संततीच्या गुणांच्या बेरजेवर ठरते. ज्याची शिंगरं शेकड्यांनी, तो वर दिसणारच. आणि ती मागचं सांगते : सॅम पहिल्या सुवर्णाच्या वेळी १२ वर्षांचा होता, चिपमंक १६. म्हणून मी स्टॅलियनपेक्षा त्याची पोरं बघतो, तीही साध्या घोडींपासून झालेली. कोर्सच्या शेवटच्या तीन अडथळ्यांपाशी उभा राहतो. दमल्यावरही गुडघे वर येतात का, थांबल्यावर श्वास किती वेळात खाली बसतो, दुसऱ्या दिवशी पाय थंड आणि सूज नसलेले आहेत का, एवढं बघतो. फ्रॅजाइल फोल सिंड्रोम या शिंगरांच्या जीवघेण्या आनुवंशिक आजाराची चाचणी स्टॅलियन आणि घोडी दोघांचीही करून घ्याच; दोघं वाहक निघाले तर चारात एक शिंगरू दगावायची शक्यता असते.

तुमच्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत तीन स्टॅलियनची नावं आहेत, पण घोडीबद्दल एक ओळही नाही. ती किती हात उंच आहे, पुढून जड आहे का, चौथ्या मिनिटाला कशी पळते, तापट आहे की थंड, हे कळवा. मग त्या तिघांतला कोणता तिला शोभेल ते नीट बोलू.