रस्ता सगळ्यांचा, पैसा आपला, आणि माहिती म्हणे वैयक्तिक!

आज दुपारी पोस्टमनने पाकीट आणून दिलं. आमच्या गल्लीतल्या रस्त्याबद्दल माहिती अधिकारात अर्ज टाकला होता, त्याचं उत्तर. काँक्रीट पडून एक पावसाळा नीट गेला नाही, तोवर गटाराच्या कडेने खडी वर आलीय. शाळेच्या वळणावर तर पोरं खाली उतरून सायकल हातात धरून नेतात. मी मागितलं काय होतं? अंदाजपत्रक, एमबीची म्हणजे कामाच्या मोजमाप वहीची प्रत, ठेकेदाराचं नाव, बिलावर सही करणाऱ्या अभियंत्याचं नाव आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, कधी संपतो ती तारीख. उत्तर दीड ओळीचं. ‘सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही.’

रस्ता सार्वजनिक, काम निविदा काढून दिलेलं, पैसा आमच्या घरपट्टीचा. यात मी कुणाच्या घरातलं विचारलं? ठेकेदाराच्या बायकोचे दागिने विचारले? अभियंत्याच्या मुलीचे मार्क विचारले? डोकं तापलंय म्हणून लिहितेय. लांबणार आहे, पण वाचा.

हे उत्तर त्या एका बाबूच्या डोक्यातून आलेलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला. त्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकारातलं हे कलमच बदलून टाकलं. दोन वर्षं तो बदल नुसता कागदावर होता, १४ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. आधी कुणाची वैयक्तिक माहिती नाकारायची तर अधिकाऱ्याला दाखवावं लागायचं की तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने विनाकारण कुणाच्या खाजगी आयुष्यात घुसखोरी होते. तरीही जनहित मोठं असेल तर द्यावीच लागायची. आणि त्याखाली एक वाक्य होतं, मला पाठ आहे ते. जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. आमदाराला मिळते ती माहिती मलाही मिळेल, हे कायद्याने लिहून दिलेलं होतं. ते वाक्य गेलं. आता कलमात उरलंय एवढंच की माहिती वैयक्तिक असेल तर नाकारा.

मला हे इतकं का लागलं ते सांगते. अप्पा, माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर घरचं सामान आणायचं काम त्यांच्याकडे आलं, आणि कंट्रोलच्या दुकानात दर महिन्याला एकच उत्तर मिळायला लागलं, ‘कोटा संपला, पुढच्या महिन्यात या.’ अंगठ्याची मशीन यायच्या आधीची गोष्ट. आयुष्यभर तिकिटांचा हिशेब पैशापर्यंत जुळवून डेपोत भरणा करणारा माणूस, त्यांना ते ‘संपला’ सहन होईना. त्यांनी जोडपत्र ‘अ’, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज भरला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला आणि दुकानाच्या विक्री नोंदवहीच्या प्रती मागितल्या. पानाला दोन रुपये भरून गठ्ठा घरी आला.

रात्री जेवणं झाल्यावर अप्पा लाल पेन घेऊन बसले. एकेका नावापुढे खूण. आमच्या नावावर गहू उचललेला, सही भलत्याचीच. आमच्या समोरच्या आजी वारून वर्ष उलटून गेलं होतं, त्या दर महिन्याला अंगठा लावून तांदूळ नेत होत्या. अप्पा बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत बसले. मग आईला म्हणाले, ‘म्हातारीला मेल्यावरही राबवतायत गं.’ पुढच्या महिन्यापासून गल्लीला गहू मिळायला लागला. कुणाला अटक झाली नाही, वर्तमानपत्रात काही आलं नाही. गहू मात्र मिळाला.

आता सांगा, ती नोंदवही म्हणजे काय होतं? नावंच नावं. आज अप्पांनी तोच अर्ज टाकला तर दीड ओळीचं उत्तर येईल, वैयक्तिक माहिती, देता येत नाही. त्या आजींचा अंगठा कायमचा फायलीत बंद.

सरकारी पैशाची चोरी नेहमी नावांच्याच मागे लपलेली असते. हा कायदा ज्या चळवळीतून आला ती राजस्थानातल्या खेड्यांत रोजगाराच्या कामांचे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचूनच उभी राहिली. १९९४ पासून तिथे जनसुनवाया झाल्या, आणि मजुरी न मिळालेल्या माणसांना कळलं की कागदावर आपली मजुरी केव्हाच दिली गेलीय. आपल्या महाराष्ट्राने तर केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधीच, २००२ मध्ये, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. कुलाब्यातली ‘आदर्श’ सोसायटी आठवा. तिथे कुणाकुणाचे फ्लॅट आहेत ही यादीच तर सगळं प्रकरण होतं! नोव्हेंबर २०१० मध्ये त्यापायी मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी जानेवारीत तळेगावात माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी सकाळी फिरायला बाहेर पडले आणि मारले गेले. जमिनीचे व्यवहार उघडकीला आणत होते. अशा माणसांनी जीव देऊन राखलेला हा कायदा आहे, आणि तो एका दुसऱ्याच कायद्याच्या शेवटाकडच्या पोटकलमात, कुणाच्या लक्षातही येणार नाही अशा जागी कापला.

खाजगीपणा जपायला हवा, मान्य. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मूलभूत हक्क मानला, ते योग्यच झालं. माझा आजार, माझं बँक खातं कुणी मागू नये. पण ते जुन्या कलमातही सुरक्षित होतं की! आणि हो, माहिती अधिकाराच्या नावाखाली बिल्डरकडून पैसे उकळणारेही आहेत, मलाही माहीत आहेत. त्यांच्यावर खंडणीचे गुन्हे दाखल करा, कोण अडवतंय? त्यासाठी अप्पांच्या हातातलं लाल पेन कशाला काढून घेता?

सरकार सांगतं की कलम ८(२) अजून जागेवर आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. आहे, तेही मान्य. पण ते जनहित मोठं आहे की नाही हे ठरवणार कोण? ज्याच्या टेबलावर ती फाईल आहे तोच. त्याने नाही म्हटलं की पहिलं अपील त्याच्याच वरिष्ठाकडे, आणि दुसरं माहिती आयोगाकडे, जिथे तारीख लागायला वर्षं जातात. तोवर माझ्या रस्त्याचा दोषदायित्व कालावधी संपलेला असेल आणि ठेकेदाराची अनामत रक्कम त्याला परतही गेलेली असेल. उशीर झाला की चोराचंच फावतं.

संध्याकाळी अप्पांना पत्र वाचून दाखवलं. आता नीट दिसत नाही त्यांना. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘सहीखाली नाव आहे का?’ नव्हतं, फक्त पदनाम होतं. म्हणाले, ‘अपिलात पहिला मुद्दा तोच घाल.’ मग मीही जरा शांत झाले. टेबलाच्या पलीकडचा तो बाबूसुद्धा उद्या रिटायर होईल, पेन्शनच्या फायलीसाठी कुठल्या तरी खिडकीशी उभा राहील, तेव्हा त्यालाही हाच कायदा लागेल. त्याच्याशी माझं वैर नाही. ज्यांनी हे कलम बदललं आणि ज्यांनी ते मुकाट्याने बदलू दिलं, त्यांच्यावर राग आहे. आपले खासदार तेव्हा काय करत होते, हे विचारायलाच हवं.

उद्या सकाळी जोडपत्र ‘ब’, म्हणजे पहिलं अपील भरतेय, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. त्यात कलम ८(२) ठळक लिहिणार आहे. सोबत दुसरा नवा अर्जही टाकतेय. या कायद्याच्या कलम २ मध्ये झालेलं काम पाहण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे, बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं. तर आता मी त्या रस्त्याच्या काँक्रीटचा नमुना मागतेय, शाळेच्या वळणावरचा. गल्लीतल्या ज्यांना आपापल्या नावाने असाच अर्ज टाकायचाय त्यांनी रात्री नऊनंतर घरी या. मजकूर मी लिहून देते, दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो. कोर्ट फी स्टॅम्प मात्र येताना घेऊन या, तहसीलबाहेरच्या विक्रेत्याकडे पाचनंतर मिळत नाहीत.