गाण्याचा सातबारा कोणाच्या नावावर?

कॉलेज रोडच्या कट्ट्यावर काल निप्सी हसलचा विषय निघाला. लॉस एंजेलिसच्या क्रेनशॉ भागातला रॅपर.

"गँगमध्ये होता, रस्त्यावर नको ते धंदे केले, त्या पैशातून स्टुडिओ. झालं!" साउंडवाल्याने निकालच देऊन टाकला.

"पैसा गल्लीतल्या पुष्कळांनी बघितला असेल," पिंपळगावकर म्हणाला. घरची द्राक्षबाग असल्यामुळे हा कुठलाही विषय बागेवर आणतो. "त्याचा व्यवहार बघ ना. २०१३ मध्ये 'क्रेनशॉ' ही मिक्सटेप, म्हणजे स्वतःच काढलेला गाण्यांचा संच, नेटवर फुकट टाकली आणि त्याच वेळी सीडीच्या फक्त १००० प्रती काढल्या, १०० डॉलरला एक. शंभर तर एकट्या जे-झी ह्या बड्या रॅपरने घेतल्या. दिवसभरात माल खलास, लाख डॉलर खिशात. आधी तो गाडीच्या डिकीतून सीडी विकायचा. तेव्हा गिऱ्हाईक समोर उभं असतं, तिथे कळतं फुकट ऐकणारा कोण आणि मोजणारा कोण."

"फुकट म्हणजे उपकार नव्हेत," साउंडवाला. "बऱ्याच मिक्सटेप दुसऱ्याच्या बीटवर, म्हणजे मागच्या तयार संगीतावर, असतात. विकायला काढली की मूळ मालक दावा ठोकतो. आपली पोरं तेच करतात. बीट लीजवर, म्हणजे भाड्याने घेतात, पण गाणं किती वेळा वाजलेलं चालेल ती स्ट्रीमची मर्यादा वाचत नाहीत. तोच बीट आणखी दहा जणांकडे असतो. गाणं जरा चाललं की क्लेम आलाच. वर ट्रॅकआउट, म्हणजे प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल, न मागता नुसती एमपी३ आणतात. ड्रमची किक थोडी खाली घे म्हणतात, कुठून घेऊ? सगळं एकातच शिजलंय."

मग वकील सरसावला. "खरा घोळ कंपनी आगाऊ देते त्या उचलीत आहे. समजा १० लाख उचल, १५ टक्के रॉयल्टी. गाण्यांनी ४० लाख कमावले तर तुझा हिस्सा ६ लाख. तो उचलीत वळता होतो आणि वर ४ लाख तुझ्याच नावे बाकी. व्हिडिओचा खर्च पण बहुधा त्याच खात्यात टाकतात. सगळं फिटलं तरी मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कंपनीचंच."

"म्हणजे खत-पाणी आपलं आणि सातबारा व्यापाऱ्याचा!"

"बरोबर. मास्टर पी ह्या न्यू ऑर्लीन्सच्या रॅपरने १९९६ मध्ये प्रायॉरिटी ह्या रेकॉर्ड कंपनीशी उलटा करार केला. ८५ टक्के त्याचे, मास्टरही त्याचेच. कंपनीने फक्त माल दुकानात पोचवायचा."

"ही नुसती अडत झाली." (आता ही दलाली शेतकऱ्याकडून घेत नाहीत, पण पिंपळगावकराच्या तोंडून तो शब्द जात नाही.)

"आपल्याकडे कायदाही बऱ्यापैकी बाजूने आहे," वकील थांबेना. "हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश घातला नसेल तर भारतापुरता. म्हणून तर करारात 'कायमस्वरूपी, संपूर्ण जगात' छापलेलं असतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा सही करूनही सोडता येत नाही. रॅपर शब्द स्वतःच लिहितो, म्हणजे गीतकार तोच. तरी रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस संस्थेत नाव घालायचा कंटाळा."

साउंडवाला ऐकणारा नव्हता. "एवढं सगळं, आणि निप्सीचा २०१८ चा 'व्हिक्टरी लॅप' अल्बम शेवटी अटलांटिक ह्या मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडेच गेला ना?"

"भागीदारीत. स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, घेऊन गेला, हात पसरून नाही," वकील म्हणाला.

"आणि ३१ मार्च २०१९ ला स्वतःच्या दुकानासमोर गोळ्या खाल्ल्या. कुठे सुटली गल्ली?"

पिंपळगावकराने ग्लास खाली ठेवला. "सोडायची होती कुणाला? ज्या चौकात सीडी विकल्या तिथेच दुकान टाकलं. मग भागीदार घेऊन तो अख्खा प्लाझाच विकत घेतला."