रोज डिप्लॉय करा, पण मायग्रेशन सांभाळून

लहान टीमने रोज डिप्लॉय करावं (नवा कोड चालू सिस्टिमवर चढवावा) असं एका लेखात वाचलं. ते पटलं, पण डेटाबेस मायग्रेशनचा, म्हणजे टेबलांची रचना बदलण्याचा, मुद्दा त्यात राहून गेलाय आणि स्टार्टअपमध्ये झोप बहुतेक वेळा त्यानेच उडते. कोड मागे घेता येतो, उडवलेला कॉलम नाही.

कॉलमचं नाव थेट बदलू नका. डिप्लॉय चालू असताना जुना आणि नवा कोड काही वेळ एकत्र धावत असतो, आणि जुन्याला ते नाव सापडत नाही. आधी नवा कॉलम जोडा (नल, म्हणजे रिकामी किंमत, चालेल असा), मग कोडने दोन्हीकडे लिहायचं, जुन्या ओळी १०००-२००० च्या तुकड्यांत भरायच्या, वाचन नव्यावर वळवायचं, जुन्यात लिहिणं थांबवायचं आणि पुढच्या एखाद्या रिलीजला जुना काढायचा. कंटाळवाणं आहे, मान्य.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'आल्टर टेबल' ही टेबलची रचना बदलणारी कमांड क्षणभराची असली तरी घात करते. बहुतेक वेळा त्याला अख्ख्या टेबलवर लॉक लागतो (तोवर बाकीच्यांना ते टेबल वापरता येत नाही). एखादी लांबलेली क्वेरी आधीच चालू असेल तर ते थांबून राहतं आणि त्याच्यामागे साध्या सिलेक्टचीही (फक्त वाचणाऱ्या क्वेरीचीही) रांग लागते. म्हणून लॉक टाइमआउट (लॉकसाठी थांबायची मर्यादा) २-३ सेकंदांवर ठेवा, फसलं तर पुन्हा चालवा. इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) 'कन्करंटली' बनवा, म्हणजे तो बनत असताना टेबलमध्ये लिहिणं अडत नाही. ही कमांड ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या कमांडांच्या गटाच्या, आत चालत नाही (मायग्रेशनची बरीच टूल्स आपणहून ट्रान्झॅक्शन उघडतात, ते बंद करावं लागतं), आणि मध्येच फसली तर 'इनव्हॅलिड' इंडेक्स मागे उरतो. तो ड्रॉप करून मगच पुन्हा सुरुवात करा.