माझ्या पंधरा जीबीत सासरचं कुळ

लॅपटॉपला माळा पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. घराला असतो तसा, बाथरूमच्या वर, ज्यात एकदा वस्तू ढकलली की पुढचं रंगकाम निघेपर्यंत तिचा विषय बंद. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमधले माळे गच्च भरलेत, सासूबाईंचा पाटा-वरवंटा आहे, मिक्सरचं खोकं आहे (मिक्सर केव्हाच गेला, पण खोकं चांगलंय), आणि अशा घरात चिरंजीवांनी मला आणून काय दिलं तर क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या सिस्टिमवर चालणारा लॅपटॉप, ज्यात मुळात काही ठेवायचंच नाही अशी कल्पना. २०११ मधे पहिली क्रोमबुकं विकायला आली तेव्हापासून हीच कल्पना आहे म्हणे. "आई, तुला काय लागतं, मेल, बिलं, यूट्यूब आणि सोसायटीची कामं. बाकी सगळं क्लाऊडवर असतं."

"क्लाऊडवर म्हणजे नेमकं कुठे?" नवऱ्याने विचारलं. तो अकाउंट्समधून रिटायर झालाय, त्याला कुठलीही वस्तू कुठल्या तरी कपाटात लागते.

"डेटा सेंटरमधे, बाबा."

"म्हणजे कुठे, हिंजवडीत?"

लॅपटॉपबद्दल माझी काही तक्रार नाही हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक लगेच दुसरा कोणता घ्यायला हवा होता ते सांगायला लागतात. हलका आहे, पटकन चालू होतो. फक्त खोक्यावर ६४ जीबी लिहिलंय आणि त्यातले सगळे काही आपल्या वाट्याला येत नाहीत, कारण सिस्टिम स्वतःच्या दोन कॉप्या ठेवते, एकीवर काम चालू असतं आणि अपडेट गुपचूप दुसरीत जाऊन बसतं, मग बंद करून चालू केलं की अदलाबदल. हुशारी आहे, मान्य, पण जागा माझी जाते. आणि ही जागा म्हणजे आत बोर्डवरच चिकटवलेली चिप, ती काढून मोठी बसवायची सोय नाही.

उरलेल्या जागेत माझा डाउनलोड्स फोल्डर. तो कोणी उघडला तर त्याला वाटेल मी आधार कार्डांचा धंदा करते. ई-आधार, ई-आधार कंसात एक, कंसात दोन, असं करत कंसात सात, कारण दर वेळी कोणीतरी मागतं, दर वेळी आधीचं शोधण्यापेक्षा नवीन डाउनलोड करणं सोपं असतं, आणि मग पासवर्डला नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमधे आणि जन्मसाल हे दर वेळी नव्याने आठवायचं. त्याच्या खाली लाईटची बिलं आणि "फायनल", "फायनल नवीन", "हेच फायनल" अशा नावांचे सोसायटीचे कागद. मी सोसायटीची खजिनदार आहे. कोणी उभं राहिलं नाही म्हणून आहे.

आता ह्या फाइल्सच्या ॲपमधे डाव्या हाताला वर 'माय फाइल्स' असतं आणि खाली 'गूगल ड्राइव्ह'. दोन्हीकडे तसेच फोल्डर, तशीच नावं, साइज, तारीख, पण एक खरोखर मशीनमधे असतं आणि दुसरं नुसतं दिसतं, उघडलं की तेव्हा नेटवरून येतं. हे मला कळलं ते आमच्या वार्षिक सभेत. कायद्याने ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणून आम्ही ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घेतो, बेसमेंटच्या पार्किंगमधे, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. तिथे मोबाइलला रेंज नाही. मी लॅपटॉप उघडला, हिशोबाची फाइल समोर, नाव बरोबर, तारीख बरोबर, क्लिक केलं तर नुसतं गोल फिरतंय. मी म्हटलं, हिशोब आहे, फक्त आत्ता दिसत नाहीये. त्यावर बी विंगमधले एक आजोबा शांतपणे म्हणाले, "हिशोब आहे पण दिसत नाही, हेच तर आम्ही इतकी वर्षं म्हणतोय."

टाळ्या पडल्या. इतिवृत्तात टाळ्यांची नोंद आहे.

नंतर चिरंजीवांनी फोनवर सांगितलं की फाइलवर राइट क्लिक करून 'ऑफलाइन उपलब्ध' चालू करायचं म्हणजे तिची एक कॉपी मशीनमधे येऊन राहते. मग काय, महत्त्वाचं ते सगळं ऑफलाइन केलं, आणि सोसायटीत महत्त्वाचं नसलेलं काही नसतंच, त्यामुळे लवकरच जागा कमी असल्याची सूचना आली. सेटिंग्जमधे स्टोरेजचं पान आहे तिथे कोणी किती जागा खाल्ली ते येतं, त्यात 'इतर युजर्स' नावाची ओळ. इतर युजर्स म्हणजे नवरा (राशीभविष्याच्या पीडीएफ) आणि मे महिन्यात राहायला आलेली भाची. भाचीला काढलं. नवऱ्याला ठेवलं.

पण हे मशीनचं झालं, ते सोपं आहे. खरी गोष्ट पुढे आहे, वरच्या, म्हणजे क्लाऊडवरच्या जागेची.

२००४ साली १ एप्रिलला जीमेल आलं तेव्हा १ जीबी फुकट म्हणाले आणि लोकांना तो एप्रिल फूल वाटला, कारण तेव्हा हॉटमेल २ एमबी देत होतं. आता गूगलच्या एका अकाउंटला १५ जीबी फुकट मिळतात पण ते मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. जून २०२१ पासून नवीन फोटोही त्यातच मोजतात, आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. म्हणजे सासरच्या ग्रुपवर रोज पहाटे साडेपाचपासून जे सूर्योदय, जी फुलं, जे वाफाळते कप येतात ते सगळे आधी फोनमधे आणि मग रात्री माझ्या १५ जीबीत. एकादशी स्मार्त आणि भागवत अशी दोन दिवस आली की शुभेच्छाही दोनदा येतात. व्हिडिओ बॅकअपमधे घेऊ नको अशी सेटिंग आहे, ती मी केली, फुलांसाठी नाहीये.

तर एक दिवस जागा किती भरली ते दाखवणारी पट्टी लाल झाली. आता पूर्ण भरलं की मेल येणं-जाणंच बंद होतं, म्हणून मी पदर खोचून बसले. मेलच्या सर्चमधे 'लार्जर', मग कोलन, मग १०एम असं टाकलं की १० एमबीच्या वरचे सगळे मेल समोर येतात, हे कोणालाही उपयोगी पडेल म्हणून सांगते. बाणेरच्या कुठल्याशा स्कीमची ब्रोशर्स निघाली, भाऊजींच्या अष्टविनायकाचे फोटो निघाले, ते उडवले. उडवलेलं आधी ट्रॅशमधे जातं आणि ३० दिवस तिथे बसून जागा खातच राहतं, म्हणून ट्रॅशही रिकामा केला. पट्टी लालच. मग ड्राइव्हमधे कोणाची साइज किती अशी यादी लावली, आणि सगळ्यात वर, तीन जीबीच्या वर जागा अडवून, आमचा कुलवृत्तांत.

म्हणजे त्यांचा. सासरचा. ज्या पुस्तकात माझं नाव नवऱ्याच्या नावापुढे कंसात आहे, माहेरच्या नावाला तर कंसातही जागा मिळालेली नाही, ते पुस्तक. जुनी प्रत एकच उरली होती, पानं पिवळी पडून तुटायला लागली होती, तेव्हा ग्रुपवर ठरलं की स्कॅन करायचं, आणि 'ठरलं' म्हणजे मी करायचं. अप्पा बळवंत चौकातल्या एका झेरॉक्सवाल्याकडे दिलं. मी साधं वाचण्यापुरतं सांगितलं होतं, त्याने फुल कलर, ६०० डीपीआय. "काकू, क्वालिटी एक नंबर." आहेच. पानांचा पिवळेपणा, कसरीची भोकं, आणि पान दोनशे बारावर आजेसासूबाईंच्या बोटांचा हळदीचा डाग, सगळं असं आलंय की झूम करून बोटाचे ठसे घेता यावेत. घराण्याला एक अशा नऊ फाइली.

ड्राइव्हचा नियम असा, की शेअर केलेली फाइल बघणाऱ्याच्या जागेत धरत नाहीत, फक्त मालकाच्या. म्हणजे अख्खं कुळ, डोंबिवलीपासून न्यू जर्सीपर्यंत, फुकट बघतंय आणि भार एकट्या कंसातल्या बाईवर.

मी ग्रुपवर नम्रपणे विचारलं, ह्याची एक छोटी ब्लॅक अँड व्हाइट कॉपी करून मोठी काढून टाकू का? जे लोक दिवाळीला फक्त अंगठा पाठवतात ते सगळे जागे झाले. हळदीच्या डागाचं काय? तो डाग म्हणजे मूळ प्रतीचा पुरावा आहे. वहिनी, आपण वारसा जपायचा का घालवायचा? एका पुतण्याने तर त्या डागाचा डीपी केला.

मग चिरंजीव म्हणाले, मालकीच ट्रान्सफर कर ना. करता येते. समोरच्याला मेल जातो, त्याने स्वीकारलं की फाइल त्याच्या खात्यात, स्वीकारेपर्यंत मात्र आपल्याच. आणि नुसत्या फोल्डरची मालकी देऊन भागत नाही, आतल्या फाइली तुमच्याच राहतात, त्या वेगळ्या द्याव्या लागतात. मी म्हटलं, कुळातले सगळ्यात ज्येष्ठ नाना, त्यांचा मान. नाना म्हणजे माझे चुलत सासरे, नारायण पेठेत असतात, ऐंशीच्या पुढे आहेत आणि स्वतःचा मेल स्वतः बघतात. पाठवल्या सगळ्या विनंत्या.

संध्याकाळी फोन. "अगं, तू मला कसली मालकी देत्येस?"

"नाना, ती कुलवृत्तांताची फाइल आहे. माझ्याकडची जागा संपलीये."

"संपली? टू बीएचके आहे ना तुमचा?"

"घरातली नाही हो, ड्राइव्हवरची."

"हं. आणि ही नऊ पत्रं?"

"घराणी नऊ आहेत ना."

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग नाना जरा खाली आवाजात म्हणाले, "म्हणजे नवव्या घराण्याचीही मालकी माझ्याकडे? गुहागरच्या लोकांना हे सांगितलंयस का?"

नवव्या घराण्याशी आंब्याच्या बागेवरून जुनी केस आहे. मी म्हटलं, "नाना, ह्याचा बागेशी संबंध नाही, तुम्ही फक्त ते स्वीकारा दाबा."

"मी काहीही स्वीकारत नाही. बँकेने सांगितलंय."

"बँकेने लिंकबद्दल सांगितलंय."

"मग हे काय आहे?"

आता ती लिंकच होती, मी काय बोलणार. दुसऱ्या दिवशी नानांनी शेजारच्या वकिलांना विचारलं आणि त्यांचं मत पडलं की नोंदणी झाल्याशिवाय मालकी बदलत नाही, सबब सध्याची स्थिती कायम ठेवावी. ही बातमी गुहागरला पोचायला अर्धा दिवस लागला. तिकडून मला एका ओळीचा मेसेज, "परस्पर काही करू नये."

नणंदबाई चांगल्या, म्हणाल्या मला पाठव. मग त्यांनी स्वतःची पट्टी बघितली. "माझ्याकडे नातवाचे व्हिडिओ आहेत गं, त्याचं पहिलं पाऊल आहे, रांगणं आहे, आणि तुझ्याकडे सगळं किती व्यवस्थित असतं!" हे असं कौतुक केलं की समजायचं, वस्तू आपल्याकडेच राहणार.

शेवटी पैसे भरून जास्त जागा घ्यायची ठरली, महिन्याला काही फार नाही, कुळाने मिळून भरायची. वर्गणी घराण्यामागे समान. त्यावर गुहागर म्हणालं आमचं घराणं अठराच पानांचं आहे, समान कसली? बरोबरच होतं, पण ते बरोबर आहे हे कबूल करायला कोणी तयार नव्हतं. मग नवऱ्याने पानांच्या प्रमाणात कोणी किती द्यायचे त्याची शीट बनवली, दशांशात दोन घरांपर्यंत, रंगबिरंगी कॉलम, मृत शाखांचा बोजा उरलेल्यांत वाटून. शीट ठेवली कुठे, तर माझ्या ड्राइव्हवर. पैसे कापले जातात माझ्या कार्डातून. पहिल्या महिन्यात नानांनी रोख पाठवले, पाकिटात, वर 'कुलवृत्तांत, जागाभाडे' असं लिहून, आणि पावती मागितली. बाकीच्यांनी अंगठा पाठवला.

आता जागा आहे म्हटल्यावर बातमी पसरणारच. परवा नाशिकच्या धाकट्या दिराचा मेसेज, "वहिनी, कुलसंमेलनाचं ड्रोन शूटिंग आलंय, फोर केमधे आहे, जबरदस्त झालंय. टाकतो सगळ्यांसाठी तुमच्या ड्राइव्हवर?"

मी लिहिलं, टाका भाऊजी, जरूर टाका, त्याआधी तुम्हाला माझ्याकडून नऊ मेल येतील, तेवढे स्वीकारा.

दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर यायचंय.