थंड रक्ताच्या माशालाही पाण्याचे तापमान बाधते

थंडी पडू लागली की शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरू लागतो. त्याचे म्हणणे असे: मासा थंड रक्ताचा प्राणी आहे, त्यामुळे पाणी गारठले किंवा तापले तरी त्याला फरक पडत नाही, रोग केवळ जंतूंमुळे होतो, म्हणून ऋतू बदलताना खाद्यातून अँटिबायोटिकचा एक डोस द्यावा, म्हणजे तळे सुरक्षित राहते. यातले ‘थंड रक्ताचा’ हे शब्द तेवढे खरे आहेत, आणि त्यांवरून निघायला हवा होता त्याच्या नेमका उलटा निष्कर्ष काढला आहे.

आपल्या शरीराचे तापमान बाहेर काहीही असले तरी जवळपास स्थिर राहते. माशाचे शरीर मात्र पाण्याइतकेच गार किंवा गरम असते, आणि रोगाशी लढणाऱ्या त्याच्या पेशींनाही त्याच तापमानात काम करावे लागते. अमेरिकेत पाळल्या जाणाऱ्या कॅटफिशवरील प्रयोगांत, तापमान सुमारे 17 अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्यावर टी-पेशींचा (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) प्रतिसाद स्पष्टपणे मंदावलेला आढळला. सायप्रिनस (कॉमन कार्प) माशांवरील 2017 मधील एक प्रयोग तर फार बोलका आहे. नागीण कुळातील विषाणूची बाधा झालेल्या माशांना 24, 28 आणि 32 अंशांच्या जोडलेल्या कप्प्यांत मोकळे सोडले, तेव्हा ते आपणहून 32 अंशांच्या पाण्यात गेले आणि वाचले. 24 अंशांतच कोंडलेले मासे मात्र मोठ्या संख्येने मेले. तापमानाने फरक पडत नसता, तर आजारी माशाने ऊब शोधली नसती. आपल्या उथळ, प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पहाटे सगळेच पाणी गार झालेले असते. तिथे माशाला जायला उबदार कोपराच नसतो.

जंतूंशिवाय संसर्ग होत नाही, हे मान्यच आहे. पण एरोमोनाससारखे जिवाणू तळ्यात बाराही महिने असतात. मग मासे ठरावीक दिवसांतच का मरतात? 1988 मध्ये ईशान्येकडून भारतात आलेल्या व्रणरोगाचे उदाहरण घ्या. अंगावर लाल ठिपके उठून त्यांच्या खोल जखमा करणारा हा बुरशीसदृश जीव 20 ते 30 अंशांत उत्तम वाढतो, तरीही रोगाच्या साथी येतात त्या पाणी गार होण्याच्या काळात. मरळ माशांना याची बाधा करून पाहिली, तेव्हा 26 आणि 31 अंशांत त्यांच्या शरीराने जोरदार दाह निर्माण करून बुरशीला रोखले. 19 अंशांत दाह क्षीण राहिला आणि मासे दगावले. म्हणजे थंडीने बुरशीला बळ दिलेले नव्हते, माशाची ताकद काढून घेतली होती.

उन्हाळ्यातील गणित वेगळे असते. गोड्या पाण्यात 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांना साडेसातच्या आसपास. माशाची गरज मात्र वाढलेली असते आणि अमोनियाचा विषारी अंशही वाढतो. तिलापिया माशातील स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूची साथ याच काळात उसळते.

आता औषधाबद्दल. गारठलेला मासा खातच नाही. खाद्यातून दिलेले अँटिबायोटिक धडधाकट माशांच्या पोटात आणि तळाच्या गाळात जाते. आजारी मासा तसाच राहतो. विषाणूवर आणि व्रणरोगाच्या बुरशीवर ते चालत नाही, आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू मात्र तळ्यात तयार होतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांचा मत्स्यपालनात वापर करण्यास तर भारतात बंदीच आहे. प्रयोगशाळेने जिवाणू आणि त्यावर चालणारे औषध सांगितले असेल, तर जाणकाराच्या सल्ल्याने उपचार जरूर करावा. केवळ ऋतू बदलला म्हणून नव्हे.

पुष्कळ नुकसान तर मत्स्यबीज सोडण्याच्या दिवशीच होते. टेम्पोतून आलेली प्राणवायू भरलेली पिशवी फोडून बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) थेट तळ्यात ओतली, तर तिला काही क्षणांत चार-पाच अंशांचा धक्का बसतो. पुढे काही दिवसांनी शेपटीवर बुरशीचे कापसासारखे पुंजके दिसले की दोष बीजावर टाकला जातो. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगू द्यावी, मग थोडे थोडे तळ्याचे पाणी आत घ्यावे आणि बोटुकल्यांना आपणहून बाहेर पडू द्यावे. कडाक्याच्या थंडीत जाळे ओढू नये, पाण्याची खोली दीड मीटरच्या खाली जाऊ देऊ नये, उरलेले खाद्य दिसताच मात्रा कमी करावी आणि उन्हाळ्यात पहाटेच्या आधीच एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) चालू करावा. खाद्याच्या वहीत रोज सकाळचे आणि दुपारचे तापमान लिहिले, तर कोणत्या आठवड्यात तळ्यावर जास्त लक्ष ठेवायचे ते आधीच कळते.